साहेबांना काही ठाऊक नव्हतं

१

धक्क्याच्या टोकाला काळे चामडी जोडे नीट जोडीने ठेवलेले होते आणि त्यांच्यावर चार बोटं बर्फ साचलं होतं. तिथून साठ पावलांवर, नावांच्या दोरखंडात अडकून, मिनेगिशी यासुहेइ पाण्यात पालथा तरंगत होता. पायांत नुसते मोजे.

कानेउरा गावात मिनेगिशीला न ओळखणारा माणूस नव्हता. अर्थमंत्री इसोगाई तेइझो यांचा हा चिटणीस. एकतीस वर्षं त्याने साहेबांची गावाकडची कचेरी सांभाळली होती. कुणाच्या पोराला नोकरी हवी, कुणाच्या म्हातारीला इस्पितळात खाट हवी, सगळे आधी मिनेगिशीच्या दारात जायचे.

फौजदार उकाई गुडघे दाबत जोड्यांपाशी बसला. साठीला टेकलेला माणूस, मार्चअखेर निवृत्त व्हायचा होता. हातमोज्याने त्याने बर्फ झटकलं. मग एक जोडा उचलला. खालचा दगड कोरडा होता.

"बर्फ कधी सुरू झालं काल?" त्याने दोरखंड सोडवणाऱ्या कोळ्याला विचारलं.

"तीनच्या सुमाराला. सुट्टीचा दिवस, विशीत आलेल्या पोरांचा समारंभ सुटायच्या आतच धरलं. पोरींच्या नव्या किमोनोंचं वाटोळं झालं."

म्हणजे जोडे तीनच्या आधी ठेवले गेले होते. पण उकाई बघत राहिला ते दुसऱ्याच गोष्टीकडे. जोड्यांची टोकं समुद्राकडे नव्हती, गावाकडे होती. दोन्ही जोड्यांच्या लेसा सोडून आतमध्ये व्यवस्थित खोचलेल्या होत्या.

"जीव द्यायला निघालेल्या माणसाला एवढी सवड असते होय?" तो पुटपुटला.

कचेरी धक्क्यालाच लागून होती. पूर्वी ते माशांचं गोदाम होतं. पुढे दार आणि जोडे काढायची जागा, मधे टेबलं, आणि मागे चटयांची बैठकीची खोली. त्या खोलीचं मागचं दार थेट पाण्यावर उघडायचं. जुन्या काळी तिथूनच टोपल्या नावेत उतरवत.

टेबलावर दोन कागद होते. पहिल्यावर मिनेगिशीच्या वळणदार अक्षरात चार ओळी होत्या. "सर्व दोष माझा एकट्याचा आहे. इसोगाई साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. समाजाला तोंड दाखवायची माझी लायकी नाही. क्षमा असावी." खाली नाव आणि सहीच्या जागी नावाचा लाल शिक्का. तारीख नव्हती.

दुसरा कागद होता मिठागराच्या सरकारी जमिनीचा. सहा महिने सगळी वर्तमानपत्रं ज्यावरून ओरडत होती तीच जमीन. सरकारी जमिनी अर्थमंत्र्याच्या अखत्यारीत, आणि ही एका सिमेंटवाल्याच्या घशात गेली होती. पंचेचाळीस कोळ्यांची घरं उठली होती. येत्या मंगळवारी संसदेच्या समितीपुढे मिनेगिशीची साक्ष व्हायची होती. त्याआधी, सोमवारी, पक्ष नवा अध्यक्ष निवडणार होता. अध्यक्ष म्हणजेच पंतप्रधान, आणि नाव ठरल्यासारखंच होतं. इसोगाई.

कागदावर शिफारस मंजूर असल्याचा एकच शिक्का होता. मिनेगिशीचा.

तेवढ्यात फोन वाजला. जिल्ह्याचे वरिष्ठ होते.

"उकाई, आत्महत्या आहे. रविवारी दुपारी अंत्यविधी, साहेब स्वतः येणार आहेत. त्याआधी कागद बंद करायचा."

"अजून डॉक्टरांनी बघितलंही नाही, साहेब."

"मग त्यांना सांगा काय बघायचं ते," असं म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला.

२

मिनेगिशीची बायको तोयो उजेडाच्या खिडकीपाशी पाठ ताठ ठेवून बसली होती. शेजारी मुलगी किनुको. तिचं लग्न एप्रिलमध्ये बँकेच्या संचालकाच्या मुलाशी ठरलं होतं. समोर चहा थंड होत होता आणि चहाशेजारी एक जाडजूड पाकीट पडलं होतं.

"सकाळी साहेबांचे चिरंजीव येऊन गेले," तोयो म्हणाली. "मरेपर्यंत मला दरमहा पैसे. किनुकोचं लग्न टोकियोच्या मोठ्या हॉटेलात. मी फक्त गप्प बसायचं."

"आणि वहिनी, तुम्ही काय म्हणालात?"

"चहा घ्या म्हणाले."

उकाईला हसू आलं नाही. त्याच्या धाकट्या भावाला रेल्वेत चिकटवलं होतं तेही याच साहेबांनी, याच मिनेगिशीच्या हातून. गावात अशा उपकाराबाहेरचं घर शोधून सापडलं नसतं.

"काल दुपारी जेवून गेले," तोयो सांगू लागली. "दोन घास खाल्ले असतील. कचेरीत कुणी भेटायला येणार आहे म्हणाले. कोण ते बोलले नाहीत. पण जाताना दारात थांबले आणि म्हणाले, मंगळवारी मी खरं सांगणार आहे, तुला लोक चार दिवस वाईट बोलतील, सोसशील का? मी म्हटलं, पन्नास वर्षं थंडी सोसली तशी सोसेन. असं विचारून गेलेला माणूस जीव देईल का हो?"

"जोडे, वहिनी. ते घरी आले की जोड्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायचे का?"

"कोण, हे?" तिच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू येऊन गेलं. "एक इकडे, एक तिकडे. लेसासुद्धा सोडायचे नाहीत, टाच दाबून पाय काढायचे. जोडे वळवायची ते मी. एकतीस वर्षं."

उकाईने खिशातून दोन्ही कागद काढून तिच्यापुढे ठेवले. असं करायची परवानगी नव्हती. तिने पत्र वाचलं. अक्षर त्यांचंच, ती म्हणाली. मग दुसरा कागद हातात घेतला आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"फौजदारसाहेब, हा शिक्का कुणापुढे वाकलाय?"

"म्हणजे?"

"हे मूळचे बँकेतले. साहेब शाखेचे मॅनेजर होते तेव्हा हे त्यांच्या हाताखाली कारकून. बँकेत रीतच आहे. दोन शिक्के शेजारी असले तर डावीकडे वरिष्ठाचा, उजवीकडे खालच्याचा, आणि खालच्याने आपला शिक्का डावीकडे कलता मारायचा. नमस्कार केल्यासारखा. यांच्या हाडात मुरलं होतं ते." ती उठली आणि फडताळातून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. "हे बघा, वीजबिल. घरभाडं. एकट्याचं असलं की शिक्का कसा सरळ उभा. पत्रावर बघा, तिथंही सरळ. आणि हा बघा."

जमिनीच्या कागदावरचा शिक्का खरोखरच डावीकडे कलला होता. त्याच्या डावीकडे कोरा समास होता, जेमतेम बोटभर. उकाईने कागद खिडकीच्या उजेडात धरला. वरची, खालची आणि उजवी कड काळपट पडलेली होती. डावी कड पांढरीशुभ्र.

कुणीतरी तो कागद नुकताच कापला होता.

३

"मी? मला कशाला विचारता?" साहेबांचा मुलगा ताकामासा कचेरीत मिनेगिशीच्याच खुर्चीत बसला होता. चाळिशीचा, गोरागोमटा, केस चापून बसवलेले. "काल अकरापासून मी समारंभात व्यासपीठावर होतो. चारपर्यंत. सहाशे लोकांनी बघितलंय."

"सहाशे कसले," शेजारी बसलेला त्सुबोउची म्हणाला. तो गावातला दारूभट्टीचा मालक आणि साहेबांच्या समर्थक मंडळाचा अध्यक्ष. "चारशे असतील. निम्मे तुझं भाषण सुरू झाल्यावर उठून गेले."

"काका!"

"खरं ते सांगतोय. मी तुझ्या शेजारीच होतो, मला उठता येईना." त्सुबोउचीने डोळे पुसले. ते सकाळपासून लाल होते. "उकाई, मिनेगिशी माझ्याबरोबर शाळेत होता. साहेबांसाठी मेला. असा माणूस आता जन्माला येत नाही. त्याला शांतपणे जाऊ द्या."

"जाऊ देतो. एकच विचारायचं होतं. पत्रावर तारीख का नाही?"

त्सुबोउचीने खांदे उडवले. ताकामासाला मात्र आपल्याला माहीत असलेलं सांगायचा मोह आवरला नाही.

"तारीख नसतेच. आमच्याकडची पद्धत आहे ती. जो चिटणीस लागतो त्याने पहिल्या दिवशी असं पत्र लिहून वडिलांच्या हातात द्यायचं. मीसुद्धा दिलंय. मजकूर ठरलेला. निष्ठा म्हणजे काय ते त्यातून कळतं, असं वडील म्हणतात."

"उत्तम पद्धत आहे," उकाई म्हणाला. "आणि ही पत्रं असतात कुठे?"

"टोकियोच्या घरी, तिजोरीत. किल्ली वडिलांच्या कमरेला. आईलासुद्धा हात..."

तो मधेच थांबला. त्सुबोउचीने हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"हे मी लिहून घेतो," उकाई म्हणाला. "तुमचाच शिक्का लागेल खाली."

"साहेब काल टोकियोत होते," त्सुबोउची घाईने म्हणाला. "तापाने अंथरुणावर. पेपरात आलंय."

"पेपरात जमिनीचंही आलंय."

ताकामासाने कागदावर शिक्का मारला खरा, पण घाईत इतका वरवर दाबला की अर्धं नावच उमटलं.

बाहेर दाराशी हात्सुए पाहुण्यांचे जोडे लावत होती. कचेरीतली झाडलोट, चहापाणी, फोन, सगळं तिच्याकडे. काल तिची मुलगी विशीत आली म्हणून तीही समारंभातच होती. आज रडून तिचा आवाज बसला होता.

"मिनेगिशीसाहेबांचे जोडे परवा इथेच होते का?"

"इथेच असायचे की. आले की भिरकावून द्यायचे आणि मी उचलून लावायची."

"लेसा आत खोचून?"

"एवढा वेळ कुणाला आहे हो?" ती म्हणाली. "तसं करणारा एकच माणूस. साहेब! अजून गावात आले की मला ओरडतात. हात्सुए, पाहुण्याच्या पायाखाली लेस आली तर पाहुणा तोंडावर पडेल. मग स्वतःच खाली बसून खोचतात. अर्थमंत्री झाले तरी."

उकाईने सावकाश मान हलवली. नऊ निवडणुका त्याने बंदोबस्ताला उभं राहून ऐकल्या होत्या. प्रत्येक सभेत साहेबांचं तेच भाषण. बाप समुद्रात गेला, अकराव्या वर्षी सराईच्या दाराशी पाहुण्यांचे जोडे राखायला बसलो, थंडीने बोटं फुटायची, पण एकाही पाहुण्याला जोडा शोधावा लागला नाही. मग बँकेत शिपाई, कारकून, मॅनेजर. मग खासदार, मग मंत्री. तुमचे जोडे सांभाळले, आता देशाची तिजोरी सांभाळतो. बायका पदराने डोळे टिपायच्या. उकाईनेही एकदा टिपले होते.

तो चालत स्टेशनाकडे निघाला. टोकियोहून पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस कानेउराला साडेबाराला उतरतो आणि साडेचारच्या गाडीने परत जातो. जानेवारीत निम्मा डबा तोंडाला कापडी पट्टी बांधून बसलेला असतो. मंत्र्याला कोण ओळखणार?

४

रविवारी देवळाच्या अंगणात पांढऱ्या फुलांची श्रद्धांजलीची चक्रं उभी राहिली. सर्वांत मोठं अर्थमंत्र्यांच्या नावाचं. वार्ताहर दहाच्या गाडीने आले. साहेब मोटारीने आले आणि शोकभाषण हातात घेऊन बाजूच्या खोलीत बसले. एकाहत्तर वर्षांचे, बारीक चणीचे, हात मात्र अजून कोळ्याचे.

उकाई आत गेला आणि गुडघ्यांवर बसून त्याने डोकं टेकवलं.

"कागद बंद झाला का, उकाई?"

"नाही, साहेब. तीन गोष्टी अडल्यात."

"सांग. भाषणाला अजून वेळ आहे."

"मिनेगिशींचं पत्र तुमच्या टोकियोच्या तिजोरीत होतं. किल्ली तुमच्या कमरेला. ते कानेउरात टेबलावर कसं आलं? ताकामासांचा जबाब माझ्याकडे आहे. ते स्वतः तर व्यासपीठावर होते, म्हणजे त्यांनी आणलं नाही."

साहेबांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली.

"दुसरं, मिठागराचा कागद. मिनेगिशींचा शिक्का डावीकडे वाकलाय आणि डावीकडचा तुकडा कापलाय. मिनेगिशी उभ्या आयुष्यात एकाच माणसापुढे असे वाकले. कापणारा त्यांचा रोजचा वाकलेला शिक्का बघून इतका सरावला होता की त्याला तो सरळच दिसला."

"आणि तिसरं?"

"जोडे. मिनेगिशी बैठकीच्या खोलीतून, मोज्यांवरच, मागच्या दारातून पाण्यात पडले. जोडे पुढच्या दाराशी राहिले. कुणीतरी ते उचलून धक्क्यावर नेले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की इथून उडी मारली. पण तो माणूस धक्क्यावर जोडे ठेवायला वाकला आणि हात आपोआप चालले. टोकं वळवली, लेसा खोचल्या. पाहुण्याने परत निघताना सरळ पाय घालावेत अशा बेताने. मरायला निघालेला तसं करत नाही. ढकलणारासुद्धा विचार करून तसं करणार नाही, साहेब. ते फक्त हातांना येतं."

साहेबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बाहेर भिक्षूंचं पठण सुरू झालं.

"तुझ्या निवृत्तीला किती दिवस राहिले?"

"एकाहत्तर."

"आणि भाऊ रेल्वेतच आहे ना?"

"आहे, साहेब."

"उद्या मी पंतप्रधान होतोय, उकाई. या गावातून. बर्फात उपाशी मरणारं गाव होतं हे. बोगदा मी आणला, इस्पितळ मी आणलं. ते सगळं एका कारकुनाच्या मनाच्या टोचणीसाठी पाण्यात घालू?" आवाज अजिबात चढला नव्हता. "मी त्याच्यापुढे पत्र ठेवलं. म्हटलं, हे तूच लिहून दिलं होतंस, आता वेळ आली. तू मर. बाकीचं घर मी बघतो. एकतीस वर्षांत त्याने पहिल्यांदा मला नाही म्हटलं. ताठ बसून. माझ्या डोळ्यांत बघून. म्हणाला, साहेब, पंचेचाळीस घरं उठवली आपण, त्यातल्या एका घरात मी जन्मलो होतो. आणि उठून त्याने मागचं दार उघडलं, समुद्र बघायला. माझ्याकडे पाठ करून. त्याने कधी माझ्याकडे पाठ केली नव्हती."

"मग?"

"मग मीही उठलो."

कागदी सरकत्या दाराच्या पलीकडे कापड सळसळलं. दार बाजूला झालं. पलीकडच्या खोलीत काळ्या किमोनोत तोयो बसली होती, शेजारी किनुको. उकाईनेच त्यांना तिथे बसवलं होतं.

साहेब दचकले नाहीत. त्यांनी फक्त तोयोपुढे डोकं टेकवलं, आणि ते वर घेत म्हणाले, "तोयो, विचार कर. मुलीचं लग्न आहे. यांच्याजवळ एक पत्र आहे आणि एक कागद. माझ्याजवळ शंभर वकील आहेत."

तोयोने मुलीकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "ते लोक हे लग्न मोडतील."

"मोडतील."

"मग तू बोल. मी रडले तर माझ्याकडे बघू नकोस."

५

अंत्यविधीत शेवटी शोककर्त्या घराचं माणूस उठतं आणि आलेल्यांचे आभार मानतं. तेव्हा सगळे मान खाली घालून ऐकतात. मधे कुणी तोंड घालत नाही, मंत्रीही नाही, पोलिसांचे वरिष्ठही नाहीत. तशी रीतच नाही.

आधी साहेबांनी भाषण वाचलं. निष्ठा हा शब्द त्यात अकरा वेळा आला. मग तोयो उठली. हातात कागद नव्हता.

"थंडीत आलात, उपकार झाले," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याने जीव दिला नाही. तो चोर नव्हता आणि तो भित्रा नव्हता. येत्या मंगळवारी तो समितीपुढे खरं सांगणार होता. म्हणून गेल्या बुधवारी, सुट्टीच्या दुपारी, इसोगाई साहेबांनी त्याला कचेरीच्या मागच्या दारातून समुद्रात ढकललं. हे त्यांनी आता शेजारच्या खोलीत माझ्यासमोर सांगितलं. माझी मुलगी आणि फौजदारसाहेब ऐकत होते."

मग तिने जमिनीचं, शिक्क्याचं, पत्राचं, सगळं एकामागून एक सांगितलं. आवाज एकदाही फुटला नाही. वरिष्ठ अर्धवट उठले आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या, तसे परत बसले. वार्ताहरांच्या पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. मागच्या ओळीत उठवलेल्या घरांतल्या कोळणी होत्या. त्यांच्यापैकी एकीने जमिनीवर कपाळ टेकलं, मग दुसरीने. पुढच्या ओळींतलं कुणी हललं नाही.

सोमवारी पक्षाने दुसराच माणूस निवडला. साहेब इस्पितळात दाखल झाले. तीन आठवड्यांनी टोकियोच्या घरच्या स्वयंपाकिणीने सांगितलं की तापाच्या त्या दिवशी अंथरूण रिकामं होतं आणि जेवणाचं ताट तसंच परत आलं होतं. तेव्हा कुठे अटक झाली. खटल्याआधीच, मार्चमध्ये, साहेब इस्पितळातच वारले. पुढे उन्हाळ्यात रिकाम्या जागेवर ताकामासा उभा राहिला आणि बापापेक्षा अकरा हजार मतं जास्त घेऊन निवडून आला. समर्थक मंडळाच्या बैठकीत त्सुबोउची म्हणाला की लोकांना साहेबांचं फार वाईट वाटलं. उकाईच्या भावाची बदली उत्तरेच्या टोकाच्या एका स्टेशनावर झाली. तिथे दिवसाला दोन गाड्या थांबतात.

किनुकोचं लग्न मोडलं आणि ते ठरताना दिलेलं पैशांचं पाकीट मुलाकडच्यांनी माणूस पाठवून परत मागवलं. गावातला किराणावाला तोयोला माल देईना. तिने घर विकायला काढलं.

एकतीस मार्चला, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उकाई तिच्या दारात उभा राहिला. घरात खोकी बांधलेली होती. त्याने छातीपाशी धरलेला एक कागद दोन्ही हातांनी पुढे केला. मिनेगिशीच्या मृत्यूचा दाखला होता तो. मृत्यूचं कारण लिहायच्या चौकटीत आधीचे शब्द दोन रेघांनी खोडले होते आणि बाजूला नवे लिहिले होते. वरिष्ठांनी सही करायला नकार दिला, तेव्हा उकाईने डॉक्टरला घेऊन जिल्ह्याच्या कोर्टात चार खेपा घातल्या होत्या.

"चहा देता येणार नाही," तोयो म्हणाली. "पेले बांधले गेले."

"राहू दे, वहिनी."

ती कागद घेऊन नवऱ्याच्या तसबिरीपुढे बसली. तेवढी एकच वस्तू अजून बांधायची राहिली होती. तिने चष्मा लावला आणि सगळा दाखला वाचून दाखवला. नाव, जन्मगाव, वय, हुद्दा. खोडलेले शब्द तिने वाचले नाहीत. शेवटच्या चौकटीशी आल्यावर ती थांबली, घसा साफ केला आणि पलीकडच्या घरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दुसऱ्याच्या हातून."